दुसऱ्या सीझनपर्यंत निकाल नाही तर कोचला नारळ?

लिंकनवासी
परवा इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या एका चाहत्याची पोस्ट वाचली: "सिग्नेटीला जमलं म्हणजे सगळ्यांना जमायला हवं. दुसरा सीझन संपेपर्यंत निकाल नाही, तर कोचला नारळ द्या." सिग्नेटी म्हणजे त्यांचा कोच, दुसऱ्याच सीझनला विजेतेपद आणणारा. ती पोस्ट डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

घाईने कॉलेज फुटबॉलचा प्रोग्राम कसा बुडतो हे आम्ही नेब्रास्कावाल्यांनी भोगलंय. २००३ मध्ये कोच सोलिचला काढलं तेव्हा टीम ९-३ (नऊ विजय, तीन पराभव) होती. २०१४ मध्ये पेलिनीला काढलं तेव्हाही ९-३. मग आलेले कोच: रायली १९-१९, फ्रॉस्ट १६-३१. नऊ विजयांना नाक मुरडणारे आम्ही आता सातवर समाधान मानतो.

उलट कोच बीमरचं व्हर्जिनिया टेक १९९२ ला, त्याच्या सहाव्या सीझनला, २-८-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) होतं. त्याला ठेवलं. पुढच्याच वर्षी ९-३, आणि १९९९ च्या सीझनला ते थेट विजेतेपदाच्या मॅचमध्ये. स्नायडर १९८९ मध्ये कॅन्सस स्टेटला कोच म्हणून आला, पहिलं वर्ष १-१०. नऊ विजय मिळाले ते पाचव्या वर्षी. ओ-लाइनला (समोरच्यांना अडवणाऱ्या धिप्पाड फळीला) पोरं आणायची, त्यांची अंगं भरायची, सिस्टीम रुजवायची, याला वेळ लागतोच.

ब्लूमिंग्टनकर
ती पोस्ट माझीच, आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. तुमचे बीमर-स्नायडर ट्रान्सफर पोर्टलच्या, म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलण्याच्या व्यवस्थेच्या, आधीचे. २०२१ पासून पोरगा कॉलेज बदलतो आणि एक वर्ष बाहेर न बसता लगेच खेळतो. सिग्नेटी येताना त्याच्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठाची तेरा पोरं घेऊनच आला. तो यायच्या आधी २०२३ ला ३-९, मग २०२४ ला ११-२, २०२५ ला १६-० आणि विजेतेपद! मी इथे इंडियानात एमएस करत होतो तेव्हा हाफटाइमनंतर स्टँडमध्ये आडवं होऊन झोपता यायचं. आम्हाला वर्षानुवर्षं "धीर धरा" सांगून झुलवलंय. आता ते ऐकायची माझी तयारी नाही.

आणि पोर्टल नव्हतं तेव्हाही तुमच्याच नेब्रास्काच्या कोच डेव्हनीने १९६२ मध्ये, आल्या आल्या, ३-६-१ ची टीम ९-२ केली. तो इतिहास का गाळलात?

लिंकनवासी
डेव्हनी मान्य. पण पोर्टलने पोरं येतात तशी जातातही. कोलोरॅडो १-११ होतं. कोच डिऑन सँडर्सने पहिल्या वर्षी ४-८ केलं, दुसऱ्या वर्षी ९-४. तुमच्या नियमाने तो पास. मग शेडूर आणि हंटर हे स्टार खेळाडू एनएफएलला (व्यावसायिक लीगला) गेले आणि २०२५ ला ३-९. काय उभं राहिलं तिथे?

सातारचा_बकआय
२०२४ ला आम्ही ओहायो स्टेटवाले मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० हरलो, तेव्हा आमच्या अर्ध्या कोलंबस शहराला कोच रायन डे नको झाला होता. दोन महिन्यांत त्याने विजेतेपद आणलं. चाहत्यांच्या रागावर कोच ठरवू नका, एवढंच.

मेघना_टी
सगळे वर्षं मोजताय, पैशांचं कुणी बोलत नाही. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये कोच जिंबो फिशरला काढलं, त्याचा बायआउट (करार मोडल्याची भरपाई) साडेसात कोटी डॉलरहून जास्त. काम न करण्याचे! माझी मुलगी एका राज्य विद्यापीठाच्या टीममध्ये पोहायची. निधी नाही म्हणून टीमच बंद केली. पहाटे पाचला तिला पूलवर सोडायचे मी, दहा वर्षांची असल्यापासून.

ब्लूमिंग्टनकर
मेघनाताई, वाईट वाटलं, पण पोहण्याच्या टीमला पैसे येतात कुठून? फुटबॉलची तिकिटं आणि टीव्ही. फुटबॉल हरलं तर सगळंच आटतं. म्हणून तर हरणाऱ्याला लवकर हलवा म्हणतोय.

मेघना_टी
हेच वाक्य आम्हा पालकांना त्या मीटिंगमध्ये ऐकवलं होतं. फुटबॉल सगळ्यांना पोसतं, तर आधी उपाशी राहिली ती माझीच मुलगी का? तुमच्या घरातलं कुणी असतं तर असं लिहिलं असतं?

लिंकनवासी
ब्लूमिंग्टनकर, जरा जपून बोला. ३० ऑगस्ट २०२३ ला आमच्या मेमोरियल स्टेडियममध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलला ९२,००३ लोक आले होते. मी बायको-मुलींना घेऊन गेलो होतो. लोकांना फक्त फुटबॉलच हवं असतं, हे मला कुणी सांगू नये.

आणि मेघनाताईंचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. फ्रॉस्टचा बायआउट १ ऑक्टोबर २०२२ ला दीड कोटीवरून ७५ लाख डॉलरवर येणार होता. आम्ही त्याला तीन आठवडे आधी काढलं. त्या ७५ लाखांत पोहण्याची टीम किती वर्षं चालली असती?

ब्लूमिंग्टनकर
घरी जॉर्जिया सदर्नकडून ४५-४२ हरल्यावर अजून तीन आठवडे? पोरांचं काय? चार वर्षांतलं एक वर्ष त्यांचंही जातं. आणि तुमच्या आताच्या कोच रूलचं बोला. टेम्पलला तिसऱ्या वर्षी १०-४, बेलरला तिसऱ्या वर्षी ११-३, तुमच्याकडे तिसऱ्या वर्षी ७-६, वर करार २०३२ पर्यंत वाढवला.

मेघना_टी
वाढवलेला करार म्हणजे उद्याचा बायआउट. तो आधी कमी करा, मग कोचला दोन वर्षं द्या नाहीतर दहा.

ब्लूमिंग्टनकर
कराराचं ताईंचं म्हणणं बरोबर. कोलोरॅडोचाही मुद्दा लागू पडतो, तेवढा घेतो. दोनऐवजी तीन सीझन म्हणा. पण मग रूलचे तीन झालेत.

लिंकनवासी
झालेत. तरी पाचवा पूर्ण होईपर्यंत मी त्याला हात लावू देणार नाही. दोनदा घाई करून पाहिली आहे आम्ही.