धाब्यावरच्या बायांची सक्तीने तपासणी: असा कायदा आधी होता काय?

पंच_यवतमाळ:
नमस्कार मंडळी. हायवेला लागून आमचं गाव, मी ग्रामपंचायत सदस्य. धाब्यामागच्या खोल्यांत काही बाया राहतात, ट्रक थांबतात, धंदा काय ते सगळ्यांना माहीत. मागं गावातल्या एका पोराला गरमी (सिफिलिस) निघाली. आता ग्रामसभेत ठराव येतोय की या बायांची नावं रजिस्टरला घ्या, दर महिन्याला तपासा, रोग निघाला तर गावाबाहेर काढा. सरपंच म्हणतात, इंग्रजांच्या काळी असाच कायदा होता अन् रोग आटोक्यात होता. खरं आहे काय?

कामठीचा_मास्तर:
कायदा होता. आटोक्यात काही नव्हतं. १८६४ चा लष्करी छावण्यांचा कायदा, मग १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा. आमची कामठी १८२१ पासून छावणी, म्हणून या विषयात मला जरा जास्तच रस. गोऱ्या पलटणींच्या बाजारात ‘लाल बाजार’, म्हणजे शिपायांसाठी ठेवलेल्या बायांची वस्ती, असायचा. बाईचं नाव वहीत, हातात तिकीट, ठरल्या दिवशी तपासणी, रोग दिसला की लॉक हॉस्पिटलात, म्हणजे अशा बायांसाठीच्या बंद दवाखान्यात, कोंडायचं. शिपायाचं काय? विलायतेत तर त्यांची तपासणी १८५९ सालीच बंद केली, इभ्रत जाते म्हणून! कलकत्त्याच्या कितीतरी बाया पळून फ्रेंचांच्या चंदननगरात गेल्या. मुंबईत १८७० ला लागू, १८७२ ला बंद, १८८० ला पुन्हा चालू. विलायतेत जोसेफिन बटलर या समाजसुधारक बाईंनी रान उठवलं, तिथला कायदा १८८६ ला गेला, आपल्याकडचा १८८८ ला.

निवृत्त_लॅबवाला:
मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन होतो, तेवढ्यापुरतं बोलतो. १८६८ चा डॉक्टर तपासायचा कशाने? डोळ्याने. परम्याचा (गनोरियाचा) जंतू नायसर या डॉक्टरला दिसला १८७९ मध्ये, गरमीची रक्त तपासणी वासरमनने आणली १९०६ मध्ये. बाईला परमा असला तरी पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणजे रोग असलेली तिकीट घेऊन घरी, अन् जिला नुसतं पांढरं जातं ती आत. उपचार काय, तर पारा. दात हलायचे, तोंडातून लाळ गळायची.

बरं, आजची गोष्ट घ्या. व्हीडीआरएलची, म्हणजे गरमीच्या रक्त तपासणीची, स्लाईड मशीनवर चार मिनिटं फिरवायची, मग मायक्रोस्कोपखाली बारीक गुठळ्या दिसतात का पाहायचं. पण लागण नुकतीच झाली असेल तर स्लाईड साफ येते. महिन्याच्या शिक्क्याला अर्थ किती, तुम्हीच सांगा. शिक्का पाहून गिऱ्हाईक उलट बिनधास्त होतं.

पंचायतीला हा अधिकारच नाही, तो भाग वेगळा. एचआयव्हीचं तर २०१७ च्या कायद्यात स्पष्ट आहे, समजावून संमती घेतल्याशिवाय तपासणी नाही अन् निकाल गावभर सांगणं नाही. माझ्या टेबलावर जोडपी यायची तेव्हा पॉझिटिव्ह निघालेला नवरा पहिलं काय म्हणायचा, माहीत आहे? “हिला सांगू नका.” सुरुवातीच्या गरमीला बेन्झाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा एक डोस पुरतो, पण जोडीदार सुई घेत नाही तोवर रोग फिरून घरी येतो.

वऱ्हाडी_बाप्पू:
काहून हो पंच, त्या पोराले रोग धाब्यावरूनच आला हे कोनं ठरवलं? ते कुठं कुठं फिरून आलं हे इचारलं काय कोनी? बाया तेवढ्या सापडतात सगळ्याइले.

पंच_यवतमाळ:
मग ठरावात लिहू काय? रिकाम्या हाताने गेलो तर लोक ऐकणार नाहीत.

निवृत्त_लॅबवाला:
लिहा की ग्रामीण रुग्णालयाच्या लोकांना बोलवून धाब्याजवळ शिबिर घ्या. बाया, ड्रायव्हर, गावची पोरं, ज्याला यायचं तो येईल. नाव फक्त रुग्णालयाच्या वहीत. निरोध धाब्याच्या काउंटरवर ठेवा, अन् १०९७ ही फुकटची हेल्पलाईन भिंतीवर मोठ्या अक्षरात. आशाताईंना आधी विचारा, त्यांना त्या बाया ओळखत असतील.

पंच_यवतमाळ:
आभारी आहे काका, मास्तर. सरपंचांना हे सगळं पाठवलं. शिबिराला हो म्हणाले, पण निरोध काउंटरवर नको म्हणतात. धाबेवाला त्यांचा साळा आहे.