मदत हवी आहे : भाच्याला पायलट व्हायचंय, पण रंगदृष्टीच्या चाचणीत अडकलाय

नमस्कार मंडळी,

माझ्या ताईच्या मुलासाठी लिहितेय. आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीत राहतो. भाचा यंदा बारावी सायन्स झाला. गणित-फिजिक्स चांगलं आहे आणि शाळेत असल्यापासून पायलट व्हायचं हे एकच डोक्यात आहे. उजळाईवाडीला विमान उतरायच्या वेळेला सायकल काढून गोकुळ शिरगावच्या बाजूला जाऊन उभा राहतो. एटीआर आहे की दुसरं काही, ते नुसत्या आवाजावरून सांगतो.

फ्लाइंगचे फॉर्म भरण्याआधी डोळे एकदा तपासून घ्यावेत म्हणून मी त्याला घेऊन गेले. नंबर काहीच निघाला नाही. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं इशिहाराचं पुस्तक उघडलं. एका पानावर मला स्वच्छ ७४ दिसत होते, तो ठामपणे २१ म्हणाला. पुढे काही पानांवर तर त्याला आकडाच सापडेना, बोट ठिपक्यांवरून फिरवत राहिला. लाल-हिरव्यात कमतरता आहे, बहुधा हिरव्याकडची, असं डॉक्टर म्हणाले. ती किती आहे हे मात्र या पुस्तकावरून ठरत नाही, असंही त्यांनी सांगितलं.

आमच्या अप्पांनाही, म्हणजे त्याच्या आजोबांना, हेच असणार. शेतात मिरचीला फळ लागलं की आई बांधावरूनच पिकलेल्या मिरच्या दाखवायची, अप्पांना त्या झाडाजवळ जाऊन वाकल्याशिवाय दिसायच्या नाहीत. हा दोष आईच्या एक्स गुणसूत्रावरून मुलात उतरतो, त्यामुळे अप्पांकडून ताईकडे आणि तिच्याकडून याच्याकडे. तेव्हापासून ताई 'माझ्यामुळं झालं' म्हणून रडतेय. तिला मी रोज समजावतेय की यात कुणाचा दोष नसतो.

आता खरी अडचण. एका फ्लाइंग अकादमीत चौकशी केली तर तिथला माणूस म्हणाला, 'आधी प्रवेश घ्या, मेडिकलचं आम्ही बघून घेतो.' मला हे अजिबात पटलं नाही. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं, खर्च काही लाखांच्या घरात जातो, आणि डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, क्लास वन मेडिकलशिवाय (व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी) ते लायसन्स मिळत नाही. पैसे भरून झाल्यावर 'अनफिट' असा शेरा आला तर दाजींनी कर्ज कशातून फेडायचं? दुसऱ्या एकाने सुचवलं की परदेशातून लायसन्स काढून आणा. पण ते इथे बदलून घेतानाही आपली क्लास वन लागतेच.

पळवाट मला नकोच आहे, हे मुद्दाम लिहिते. धावपट्टीच्या बाजूला पापी (PAPI) नावाचे चार दिवे असतात, उतरताना उंची बरोबर आहे का ते वैमानिकाला त्यांच्या रंगावरून कळतं. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर विमान बरोबर उतारावर. चारही लाल म्हणजे फार खाली. २६ जुलै २००२ ला अमेरिकेत टॅलाहॅसीला फेडएक्सचं बोइंग ७२७ पहाटेच्या अंधारात धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. तिघंही वाचले, पण गंभीर जखमी झाले. चौकशीत थकव्यासोबत सहवैमानिकाच्या रंगदृष्टीतल्या दोषाचाही उल्लेख झाला. हे वाचल्यापासून मी भाच्याला स्पष्ट सांगितलंय की पुस्तकातले आकडे पाठ करून किंवा रंगीत काचेचा चष्मा लावून पास व्हायचं नाही. त्या काचांनी दोन रंगांतला फरक थोडा उठून दिसतो, डोळ्यात जे नाही ते येत नाही.

पण पुस्तकात नापास झाला म्हणजे सगळं संपलं, हेही मला मान्य नाही. लंडनच्या सिटी विद्यापीठात तयार झालेली कॅड नावाची संगणकावरची चाचणी आहे. तीत करड्या लुकलुकत्या चौकोनांवरून एक रंगीत चौकोन सरकतो, तो कुठे गेला ते बटण दाबून सांगायचं, आणि दोष किती हे आकड्यात मिळतं. ब्रिटनमध्ये हिरव्याकडच्या दोषाला ६ आणि लालकडच्या दोषाला १२ युनिटपर्यंत पास धरतात. ऑस्ट्रेलियात १९८९ साली डेनिसन नावाच्या वैमानिकाने लवादापुढे दाद मागितली आणि रात्रीच्या उड्डाणावरची बंदी उठवून घेतली. अमेरिकेने उलट १ जानेवारी २०२५ पासून नव्या उमेदवारांना संगणकावरची चाचणी सक्तीची केली. म्हणजे कमतरता आहे की नाही एवढ्यावर न थांबता ती किती आहे हे मोजायचं, अशी पद्धत जगात आहे. आमच्या पोराचंही मोजलं जावं, एवढंच मागणं आहे.

तर विचारायचं असं :

क्लास टू (क्लास वनच्या आधीची, सुरुवातीची वैद्यकीय तपासणी) किंवा क्लास वनला इशिहारात चुकल्यावर तुमची पुढची चाचणी घेतली का? कंदिलाची म्हणतात ती, अंधाऱ्या खोलीत बारीक लाल-हिरवे-पांढरे दिवे ओळखायची? की पुस्तकावरच निकाल लावला? पुणे-मुंबई-बंगळूरमध्ये कॅड चाचणी कुठे खासगीत करून मिळते? मेडिकलला जाण्याआधी आकडा आपल्या हातात असलेला बरा, असं मला वाटतं. क्लास टूमध्ये लागलेला शेरा पुढे क्लास वनलाही चिकटून राहतो का? तसं असेल तर घाईने क्लास टूला जायचं नाही. आणि अनफिट ठरल्यावर कुणी अपील केलं असेल तर कुठले कागद लागले?

आणखी एक. हे जमलंच नाही तर विमानांच्या जवळचं दुसरं काय करता येईल? एअर ट्रॅफिक कंट्रोललाही रंगदृष्टी लागते एवढं समजलंय. विमानाच्या डिझाइनकडे, एरोनॉटिकल इंजिनिअरिंगकडे वळलेलं कुणी इथे असेल तर त्याच्याशी बोलायला भाच्याला आवडेल. तो फार बोलत नाही सध्या. विषय काढला की 'मावशी, आधी मोजू तर दे' एवढंच म्हणतो.

कर्जाचे कागद बँकेत द्यायचे मी थांबवून धरलेत. आधी मेडिकल, मग पैसे, यावर दाजीही तयार झालेत. कुणी स्वतः यातून गेलं असेल तर पास झालेल्यांचा आणि नापास झालेल्यांचा, दोन्ही अनुभव हवेत. इथे उघड लिहायचं नसेल तर व्यक्तिगत निरोप करा.