सुटलेली लादी आणि 'आपला काय संबंध?'

सेक्रेटरी: दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातली लादी सुटली आहे. जपून चढा-उतरा. दुरुस्तीचा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ 🙏

बी-१०४: आणि तोवर कुणी पडलं तर?

सी-२०१: मेंबर पडला तर एक वेळ समजू शकतो काका. कुरिअरवाला पडला तर आपला काय संबंध? ना ओळख, ना करार.

ए-३०२: दादा, 'ना करार' हा बचाव १९३२ सालीच मोडीत निघालाय 😄 स्कॉटलंडमधल्या पेझ्लीत एका बाईंना मैत्रिणीने जिंजर बिअर घेऊन दिली. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नव्हतं. थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली, तर म्हणे कुजलेली गोगलगाय बाहेर आली. पैसे मैत्रिणीचे, म्हणजे बाईंचा करार दुकानदाराशीही नाही, कंपनीशी तर नाहीच. तरी हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च कोर्ट) ३ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की बाटली भरणाऱ्याने पिणाऱ्याची काळजी घ्यायलाच हवी. आपल्या वागण्याची झळ ज्याला थेट बसेल हे आपल्या ध्यानात यायला हवं, तो आपला शेजारी, असं त्यातले एक न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन म्हणाले. (गोगलगाय खरंच होती का, हे कधी सिद्धच झालं नाही. पुढे तडजोड झाली.)

बी-१०४: म्हणजे अंदाज येण्यासारखं असलं की झालो आपण जबाबदार? मग घराबाहेर पाऊलच टाकायला नको!

ए-३०२: नाही ना काका, तिथेच तर गोम आहे. १९९० चा इंग्लंडमधलाच कपारो खटला बघा. ऑडिटरने तपासलेल्या हिशोबावर विसंबून एका कंपनीने दुसरीचे शेअर्स घेतले आणि हात पोळून घेतले. कुणीतरी असं करेल हा अंदाज ऑडिटरला येण्यासारखा होता, तरी कोर्टाने जबाबदारी नाकारली. नुसता अंदाज पुरत नाही, दोघांत पुरेशी जवळीक हवी, आणि जबाबदारी टाकणं न्याय्य नि वाजवी हवं. मग वकील मंडळी हे तीन मुद्दे पाढ्यासारखे घोकायला लागली. शेवटी २०१८ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने कान उपटले. आधी बघा की अशा नात्यात जबाबदारी पूर्वी मानलेली आहे का. असेल तर तीच लावा. नसेल तरच जवळच्या निकालांवरून एकेक पाऊल पुढे जा. त्या खटल्यात ड्रग विकणाऱ्याला रस्त्यात पकडताना झटापटीत ७६ वर्षांच्या आजी पडल्या होत्या. पोलिस झाले म्हणून त्यांना वेगळा नियम नाही, आजी जिंकल्या.

सी-२०१: पण ताई, आपण कुठे कुणाला पाडलं? आपण तर काहीच केलेलं नाही.

बी-१०४: तेच तर, काहीच केलेलं नाही 😂

ए-३०२: हसू नका काका, हा मुद्दा वजनदार आहे. अनोळखी माणूस बुडत असताना तुम्ही काठावर नुसते उभे राहिलात, तरी निष्काळजीपणाच्या या कायद्यात सहसा जबाबदारी येत नाही. मनाला कितीही खटको. पण जागा तुमच्या ताब्यातली असली की चित्र पालटतं. १९५१ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं गेली. बांधकाम सुमारे ८० वर्षांचं. 'दोष वरून दिसत नव्हता' हे महापालिकेचं म्हणणं आपल्या सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्ये ऐकून घेतलं नाही.

बी-१०४: राजकोटच्या झाडात तर महापालिका सुटली होती ना?

ए-३०२: हो, १९९७ चा निकाल. रस्त्याकडेचं झाड अचानक पडून वाटसरू गेला, आणि कोर्टाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. मला तो पटत नाही, पण आपल्याला त्याचा आधार मिळायचा नाही. गावभरची झाडं वेगळी आणि आपलाच एक जिना वेगळा. शिवाय लादी सुटल्याचं सेक्रेटरींनी स्वतः ग्रुपवर लिहून ठेवलंय.

सेक्रेटरी: गवंड्याला फोन केला, उद्या सकाळी येतोय. आत्ता तिथे दोरी बांधतो.

सी-२०१: दोरीत पाय अडकून कुणी पडलं तर? 😜

ए-३०२: तर जबाबदारी आहे का, हा प्रश्नच उरत नाही, ती आहेच. काळजी पुरेशी घेतली का एवढंच कोर्ट बघेल. दोरी कमरेएवढ्या उंचीवर बांधा, आणि जिन्यातला बल्ब पण बदला.