व्हर्जिनिया टेकचे चार्ल्स स्टेगर, राजीनामा का नाही दिला?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटीतल्या १६ एप्रिल २००७ च्या गोळीबाराबद्दल वाचत होतो. ३२ जण गेले आणि युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट स्टेगर २०१४ पर्यंत खुर्चीत! कसं काय?

— अरे माणूस तिथलाच ना, तिथेच आर्किटेक्चर शिकला, तिथेच डीन झाला आणि २००० साली प्रेसिडेंट, मग संकटात घर सोडून जाईल का? रोआनोकचं मेडिकल कॉलेजही त्याच्याच काळातलं.

— ते ठीके हो दादा, पण टाइमलाइन बघा. सव्वासातच्या सुमारास होस्टेलमध्ये दोघांना गोळ्या घातल्या, पोलिसांना वाटलं आपसातलं भांडण असेल, आणि पहिला ईमेल गेला ९:२६ ला, त्यातही कुणी मेलंय हे लिहिलं नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांत नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत आणखी ३० जण. सरकारने युनिव्हर्सिटीला दंड केला तो याच उशिरासाठी.

— गेलेल्यांत मुंबईची एक मुलगीही होती, आर्किटेक्चरलाच. कॅम्पसमधल्या ड्रिलफिल्ड मैदानावर ३२ दगड अर्धवर्तुळात मांडलेत, एकेकावर नाव कोरलेलं. तिथे उभं राहिलं की स्टेगर बरोबर की चूक हे डोक्यातच येत नाही बघा.

— माझ्या मते राहिला ते बरोबर, पण ईमेलचं माफ नाही.