मॅकवर उघडणारी ‘फेऱ्या’ फाइल लिनक्सवर का सापडत नाही?

दादर_बसमार्ग:
आमचा दादरमधला छोटा गट बेस्टच्या बसमार्गांचे वेळापत्रक दाखवणारे ॲप तयार करतो आणि त्याची सर्व माहिती गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवतो. त्यात ‘फेऱ्या’ नावाची एक फाइल आहे, जी बिल्डची (ॲप बांधण्याची) पायथन स्क्रिप्ट नावानिशी उघडते. माझ्या मॅकवर बिल्ड सुरळीत पूर्ण होतो. लिनक्स सर्व्हरवर मात्र अशी फाइलच नाही असा संदेश येतो, आणि तेथील यादीत तर ती स्पष्ट दिसते. शिवाय ती पूर्वीच कमिट झालेली, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेली, असूनही मॅकवर गिट तिला ‘अनट्रॅक्ड’ (नोंद नसलेली) म्हणते. ती पुन्हा ॲड करावी का?

ठाणे_खाडी:
कृपया ॲड करू नका, कारण तसे केल्यास रिपॉझिटरीत (गिटच्या साठ्यात) दिसायला सारख्या नावाच्या दोन नोंदी होतील. दोष ‘ऱ’ या अक्षरात आहे. युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) हे अक्षर एकसंध लिहिता येते, तसेच ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असे दोन चिन्हांनीही लिहिता येते. लिनक्सच्या फाइल सिस्टिमला नाव म्हणजे केवळ बाइटांची मालिका, त्यामुळे तिच्या लेखी ही दोन वेगळी नावे ठरतात. मॅकची फाइल सिस्टिम एपीएफएस दोन्हींना एकच मानते, म्हणून तुमची स्क्रिप्ट तेथे चालते. मात्र मॅकवरचे गिट ‘कोअर.प्रीकंपोजयुनिकोड’ या सेटिंगमुळे डिस्कवरचे नाव एकसंध रूपात वाचते, आणि इंडेक्समधली (गिटच्या फाइल-यादीतली) नोंद सुटी, म्हणजे दोन चिन्हांची, असेल तर ती त्याला जुळत नाही.

खात्री करण्यासाठी ‘गिट एलएस-फाइल्स’ ही नोंदवलेल्या फाइलींची यादी देणारी आज्ञा चालवा. मराठी नावे आकड्यांत दिसतात म्हणून अनेक जण ‘कोअर.कोटपाथ’ हे तसे दाखवणारे सेटिंग बंद करतात. येथे मात्र ते चालूच हवे. एकसंध ‘ऱ’ असेल तर ३४०, २४४, २६१ हे अष्टमान (आठच्या पायाचे) आकडे दिसतील. सुटा असेल तर ३४०, २४४, २६० आणि त्यामागोमाग ३४०, २४४, २७४.

दादर_बसमार्ग:
२६० आणि २७४ दिसले. ही फाइल कोणीतरी जुन्या झिपमधून लिनक्सवर उघडून कमिट केलेली होती. मग मॅकवरूनच नाव बदलू का?

ठाणे_खाडी:
नको. मॅकवर तुम्ही दिलेले जुने नावही गिट एकसंध करून घेईल आणि मूळ नोंद त्याला सापडणार नाही. लिनक्सवर ‘गिट एमव्ही’ ही नाव बदलण्याची आज्ञा वापरा, आणि नवे नाव हाताने टाइप न करता पायथनच्या ‘युनिकोडडेटा’मधून एनएफसी रूपात (युनिकोडच्या प्रमाणित एकसंध रूपात) तयार करून द्या, कारण कीबोर्ड कोणता ‘ऱ’ उमटवील याचा भरवसा नाही. त्यानंतर मॅकवर रिपॉझिटरीचा नव्याने क्लोन (प्रत) घेतलेला बरा.

मेकफाइल_माटुंगा:
वरील उत्तर योग्य आहे, पण अपुरे आहे. ‘फेऱ्या’ लिहिण्याची तिसरीही रीत आहे: र, हलन्त, शून्य-रुंदी जोडक (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) आणि य. पडद्यावर फरक दिसत नाही आणि एनएफसीने हे रूप बदलतही नाही, त्यामुळे ‘प्रीकंपोजयुनिकोड’ येथे निरुपयोगी आहे. अष्टमानात ३४२, २००, २१५ दिसले की समजावे. म्हणून कमिटपूर्वीच्या हुकमध्ये (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) दोन तपासण्या ठेवा: नाव एनएफसीत आहे का, आणि त्यात हा जोडक आहे का. हुक प्रत्येकाच्या संगणकावर असेलच असे नाही, तेव्हा तीच तपासणी सर्व्हरच्या बिल्डमध्येही हवी.

कुर्ला_टर्मिनस:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा फाइलींना रोमन नावे द्यावीत आणि मराठी मजकूर फाइलींच्या आत ठेवावा, असे माझे मत आहे.

मेकफाइल_माटुंगा:
लिपी बदलल्याने प्रश्न पुरता सुटत नाही. रोमन नावांतही लहान-मोठ्या अक्षरांचा हाच घोळ मॅक आणि विंडोजवर होतो. तपासणी तर दोन्हीकडे लागतेच, मग नाव मराठी का नसावे?

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी एक बाब राहिली. नाव बदलले तरी आधीच्या टॅगांमध्ये (खूण केलेल्या जुन्या आवृत्त्यांमध्ये) जुनेच नाव राहील आणि त्या आवृत्त्यांचे बिल्ड लिनक्सवर पूर्वीसारखेच अडतील. त्या पुन्हा बांधायच्या असतील, तर सर्व्हरवरच्या स्क्रिप्टने फाइल थेट नावाने न उघडता फोल्डरची यादी वाचावी, प्रत्येक नाव एनएफसीत आणून ताडावे आणि जुळलेली फाइल तिच्या मूळ बाइटांनिशी उघडावी.