मदत हवी आहे: लसूण सोलून बोटांना इसब?

घरगुती डब्यांचं काम करते, रोज पाव किलो तरी लसूण सोलणं होतं. चारेक महिने झाले, डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, फक्त टोकांना, कोरडी पडून सालपटं निघतात, भेगा पडतात आणि रात्री खाज अशी की झोप उडते. उजवा हात मात्र ठणठणीत! आधी वाटलं भांड्याच्या साबणाने असेल, पण भांडी तर दोन्ही हातांनीच घासते ना, मग लक्षात आलं की लसणाची पाकळी मी डाव्या हातात धरते.

स्किनच्या डॉक्टरांनी साल खरवडून तपासलं, गजकर्ण नाही म्हणाले. मोमेटासोन (स्टेरॉइडचं मलम) दिलं होतं १५ दिवस, छान बरं झालं आणि बंद केल्यावर आठवड्यात परत तेच. व्हॅसलीन दिवसातून चार-पाचदा लावतेच. नायट्राइल ग्लोव्हज घालून बघितले, फारसा फरक नाही. शुगर नॉर्मल, आधी कधी ॲलर्जी नव्हती, हळद-लिंबू वगैरे सगळं लावून झालंय, त्याने उलट झोंबलं, तेव्हा प्लीज घरगुती लेप सुचवू नका.

आता पॅच टेस्ट (कशाची ॲलर्जी आहे ते बघायची तपासणी) करा म्हणतायत, पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवस ठेवायच्या, अंघोळ नाही, घाम नाही. स्वयंपाकघरात उभं राहून घाम कसा टाळायचा देव जाणे. डबे बंद ठेवणं परवडणार नाही.

कोणाला लसणाचीच ॲलर्जी निघाली आहे का? आणि टेस्टच्या दिवसांत काम कसं निभावलंत?