प्रतिसाद: नदीकाठची गावं पोर्तुगीजांच्या आधीचीच
वर कुणीतरी लिहिलंय की गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांकाठची गावं पोर्तुगीजांनी वसवली, ते अजिबात पटत नाही. १५२६ साली आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, म्हणजे ते आधीपासून चालत आलेलेच होते ना. मला वाटतं गाव उभं राहिलं ते बांधामुळे, खारं पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) लाकडी दारं भरतीला आपोआप बंद नि ओहोटीला उघडी, आत खाजनात, म्हणजे बांधाआडच्या सखल शेतजमिनीत, भात आणि मासळी, हे एकट्या घराचं कामच नव्हे, बांध फुटला की सगळा गाव धावणार. दक्षिण गोव्यातल्या कुशावती नदीकाठी तर उसगाळीमळला कातळावर बैल-हरणं कोरलेली आहेत, कितीतरी जुनी, आणि त्याच नदीवरचं चांदर गाव प्राचीन भोज घराण्याच्या राजांची राजधानी होतं.